ग्रुप बी (रॅली)

ग्रुप बी हा मोटार शर्यतींच्या गाड्यांसाठी ठरवलेला एक नियमगट होता. आंतरराष्ट्रीय वाहन महासंघाच्या अखत्यारीतील 'फिसा' या क्रीडासंस्थेने तो १९८२ साली लागू केला. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत या गटातील गाड्या १९८६ च्या हंगामाअखेरपर्यंत धावल्या. या काळात रॅलीच्या गाड्यांची शक्ती जवळपास दुप्पट झाली. फोर-व्हील ड्राइव्ह, टर्बोचार्जर आणि हलक्या संयुक्त पदार्थांच्या बॉडी यांचा वापर रॅलीत रुळला. मात्र गाड्या ज्या रस्त्यांवरून धावत ते रस्ते, त्यांच्या कडेला उभी राहणारी गर्दी आणि चालकांच्या संरक्षणाची साधने यांत तितका बदल झाला नाही. १९८५ व १९८६ मधील जीवघेण्या अपघातांनंतर फिसाने या गटावर बंदी घातली. रॅलीच्या इतिहासात ग्रुप बीचा काळ सर्वांत वेगवान आणि सर्वांत धोकादायक कालखंडांपैकी एक मानला जातो.

== रॅलीचे स्वरूप ==

रॅली ही बंदिस्त धावपट्टीवरील शर्यत नसते. तात्पुरत्या बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यांवर तिचे 'विशेष टप्पे' आखले जातात. ते डांबरी, खडी-मातीचे किंवा बर्फाचे असू शकतात. गाड्या ठरावीक अंतराने एकामागोमाग एक सोडल्या जातात आणि प्रत्येकीची स्पर्धा घड्याळाशी असते. सर्व विशेष टप्प्यांचा एकत्रित वेळ सर्वांत कमी असलेली जोडी विजयी ठरते. दोन टप्प्यांमधील अंतर गाड्या वाहतुकीचे सर्वसाधारण नियम पाळून कापतात.

प्रत्येक गाडीत चालकाशेजारी सहचालक असतो. शर्यतीपूर्वी मार्गाची पाहणी करून प्रत्येक वळण, चढ-उतार आणि धोक्याची जागा यांच्या नोंदी केल्या जातात. त्यांना पेसनोट्स म्हणतात. टप्पा सुरू असताना सहचालक त्या वाचून दाखवतो आणि चालक पुढचे वळण दिसण्याआधीच त्याची तयारी करतो. यामुळे गाडी अनोळखी रस्त्यावरही मोठ्या वेगाने नेता येते. परंतु नोंद चुकली किंवा ऐकण्यात क्षणाचा उशीर झाला, तर सावरायला जागा उरत नाही. धावपट्टीच्या कडेला असते तशी मोकळी जागा किंवा अडथळ्यांची भिंत येथे नसते. रस्ता संपतो तेथे झाड, दगडी बांध किंवा दरी सुरू होते.

== नियम ==

१९८२ पूर्वी रॅलीतील आघाडीच्या गाड्या ग्रुप ४ मध्ये मोडत. त्या गटात मान्यता मिळवण्यासाठी गाडीच्या ४०० प्रती बांधाव्या लागत. फिसाने गटांची फेरमांडणी करून ग्रुप एन, ग्रुप ए आणि ग्रुप बी असे तीन गट केले. एन व ए हे गट मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारींवर आधारित होते आणि ग्रुप एसाठी वर्षाला ५,००० गाड्यांची अट होती. ग्रुप बीमध्ये मात्र सलग बारा महिन्यांत केवळ २०० गाड्या बांधणे पुरेसे होते. मान्यता मिळाल्यानंतर त्याच गाडीची सुधारित आवृत्ती उतरवायची असेल, तर तिच्या २० प्रती चालत असत.

या अटीचा परिणाम मोठा झाला. बाजारातील मोटार घेऊन तिच्यात सुधारणा करण्याऐवजी, आधी शर्यतीची गाडी रचायची आणि मान्यतेपुरत्या तिच्या २०० प्रती बांधायच्या, असा उलटा क्रम कंपन्यांना परवडू लागला. त्यामुळे बाहेरून छोट्या कौटुंबिक मोटारीसारखी दिसणारी गाडी आतून पूर्णपणे वेगळी असू शकत होती. तिचे इंजिन चालकाच्या मागे, सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि बॉडी केव्हलार वा कार्बन तंतूंची असे.

गाडीचे किमान वजन इंजिनाच्या आकारमानावर ठरत असे. टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर असलेल्या इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणून धरले जाई. प्यूजो २०५ टी१६ चे इंजिन १,७७५ घन सेंटिमीटरचे होते. गुणाकाराने ते २,४८५ होई आणि गाडी २,५०० च्या आतील वर्गात बसे. लान्चिया डेल्टा एस४ चे १,७५९ घन सेंटिमीटरचे इंजिनही याच हिशेबाने निवडलेले होते. या वर्गासाठी किमान वजन ८९० किलोग्रॅम होते. इंजिनाच्या शक्तीवर मात्र थेट मर्यादा नव्हती. टर्बोचार्जरचा दाब वाढवून शक्ती वाढवण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली.

== इतिहास ==

=== ऑडी क्वात्रो आणि फोर-व्हील ड्राइव्ह ===

ऑडीने मार्च १९८० मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात क्वात्रो ही गाडी सादर केली. चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा तोपर्यंत मुख्यतः जीप व लष्करी वाहनांत वापरली जाई. शर्यतीच्या गाडीला ती जड आणि गुंतागुंतीची ठरेल, असा अनेक संघांचा समज होता. १९८१ च्या स्वीडिश रॅलीत हान्नू मिक्कोला यांनी क्वात्रोला जागतिक स्पर्धेतील पहिला विजय मिळवून दिला. त्याच वर्षी फ्रान्सच्या मिशेल मूतों यांनी फाब्रिझिया पोन्स या सहचालिकेसह इटलीतील सान्रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतील फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

१९८२ मध्ये मूतों यांनी पोर्तुगाल, ग्रीस व ब्राझील येथील फेऱ्या जिंकल्या. वर्षाअखेर त्यांचे ९७ गुण झाले. ओपेल अस्कोना ४०० ही मागील चाकांना शक्ती देणारी गाडी चालवणाऱ्या वाल्टर रोर्ल यांना १०९ गुणांसह अजिंक्यपद मिळाले. नवा नियमगट लागू झाला असला, तरी या वर्षी आघाडीच्या बहुतेक गाड्या जुन्या ग्रुप ४ मधीलच होत्या.

=== १९८३ : लान्चियाचे अजिंक्यपद ===

ग्रुप बीच्या नियमांसाठी खास रचलेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी लान्चिया ०३७ ही एक होती. तिचे दोन लिटरचे सुपरचार्ज इंजिन चालकाच्या मागे होते आणि शक्ती केवळ मागील चाकांना मिळत असे. खडी व बर्फावर क्वात्रो सरस होती. परंतु ०३७ हलकी होती आणि डांबरी रस्त्यावर चपळ होती. संघप्रमुख चेझारे फिओरिओ यांनी गाडीला अनुकूल अशा फेऱ्यांवर भर दिला. मोंते कार्लो, कोर्सिका, ग्रीस, न्यूझीलंड आणि सान्रेमो या पाच फेऱ्या लान्चियाने जिंकल्या. उत्पादकांचे अजिंक्यपद ११८ विरुद्ध ११६ अशा अवघ्या दोन गुणांच्या फरकाने लान्चियाकडे गेले. त्यानंतर केवळ दोन चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीला हे अजिंक्यपद कधीही मिळालेले नाही. चालकांचे अजिंक्यपद ऑडीच्या मिक्कोला यांनी पटकावले.

=== १९८४–८५ : प्यूजोचा उदय ===

१९८४ मध्ये स्टिग ब्लोमक्विस्ट आणि ऑडी यांनी दोन्ही अजिंक्यपदे जिंकली. त्याच वर्षी कोर्सिकाच्या रॅलीत प्यूजो २०५ टी१६ प्रथमच उतरली. जाँ तोद यांच्या नेतृत्वाखालील या संघाने मध्यभागी इंजिन आणि फोर-व्हील ड्राइव्ह यांची सांगड घातली होती. ऑडीचे जड इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे बसवलेले असल्याने तिची गाडी वळणावर बाहेरच्या बाजूस ओढली जाई. प्यूजोच्या रचनेत हा दोष नव्हता. आरी वातानेन यांनी या गाडीने त्याच हंगामात फिनलंड, सान्रेमो आणि ब्रिटन येथील फेऱ्या जिंकल्या.

ऑडीने क्वात्रोची लांबी कमी करून स्पोर्ट क्वात्रो आणि पुढे तिची एस१ ही मोठे पंख लावलेली आवृत्ती आणली. एस१ ने १९८५ मध्ये रोर्ल यांच्या हातून सान्रेमो रॅली जिंकली. तरीही त्या वर्षाची दोन्ही अजिंक्यपदे तिमो सालोनेन आणि प्यूजो यांच्याकडे गेली. वातानेन मात्र अर्जेंटिनातील फेरीत झालेल्या अपघातात गंभीर जखमी झाले. त्यांना दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले. १९८७ मध्ये त्यांनी प्यूजोच्याच गाडीने पॅरिस–डाकार रॅली जिंकून पुनरागमन केले.

=== १९८५–८६ : अखेरची पिढी ===

१९८५ च्या अखेरीस ब्रिटनमधील आरएसी रॅलीत लान्चिया डेल्टा एस४ पदार्पणातच पहिली व दुसरी आली. विजेते होते हेन्री तोइवोनेन, तर दुसरे मार्कू आलेन. टर्बोचार्जरला पुरेसा दाब निर्माण करण्यास काही क्षण लागतात आणि तेवढा वेळ इंजिन मंद राहते. एस४ मध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी कमी फेऱ्यांवर सुपरचार्जर आणि जास्त फेऱ्यांवर टर्बोचार्जर अशी दुहेरी व्यवस्था होती. तिची शक्ती ४५० अश्वशक्तीहून अधिक होती. याच रॅलीत टोनी पाँड यांनी तीन लिटरचे, टर्बोचार्जर नसलेले व्ही६ इंजिन असलेली एमजी मेट्रो ६आर४ तिसऱ्या क्रमांकावर आणली. १९८६ च्या स्वीडिश रॅलीत फोर्ड आरएस२०० नेही तिसरा क्रमांक मिळवला.

आफ्रिकेतील लांब पल्ल्याच्या रॅलींत मात्र वेगापेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा ठरे. केनियातील सफारी रॅली १९८४ ते १९८६ अशी सलग तीन वर्षे टोयोटा सेलिका ट्विनकॅम टर्बो या मागील चाकांना शक्ती देणाऱ्या, तुलनेने साध्या गाडीने जिंकली.

== प्रेक्षक आणि सुरक्षितता ==

ग्रुप बीच्या वाढत्या वेगाबरोबर रॅलीची लोकप्रियताही वाढली. अनेक देशांत टप्प्यांवर प्रवेशशुल्क नव्हते आणि शेकडो किलोमीटरच्या मार्गावर सर्वत्र कठडे किंवा पोलीस ठेवणे आयोजकांना शक्य नव्हते. पोर्तुगालमध्ये गर्दी थेट रस्त्यावर उभी राही आणि गाडी जवळ येताच बाजूला होई. धावत्या गाडीला हात लावण्याचे धाडसही काही प्रेक्षक करीत. चालकाला पुढचे वळण माणसांच्या भिंतीआड शोधावे लागे.

गाड्यांच्या रचनेतही धोके होते. वजन कमी राखण्यासाठी वापरलेली संयुक्त पदार्थांची बॉडी आग लागल्यास झपाट्याने पेट घेई. मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांत इंधनाच्या टाक्या चालक व सहचालकाच्या आसनांलगत बसवाव्या लागत. टाकी फुटली, तर तापलेले टर्बोचार्जर इंधन पेटवण्यास पुरेसे होते. संरक्षक सांगाडा, पट्टे, शिरस्त्राण आणि अग्निरोधक पोशाख ही साधने होती. परंतु दुर्गम टप्प्यावर मदत पोहोचण्यास लागणारा वेळ त्यांनी भरून निघत नसे.

== जीवघेणे अपघात ==

=== कोर्सिका, १९८५ ===

२ मे १९८५ रोजी कोर्सिकाच्या रॅलीत इटलीचे अतिलिओ बेत्तेगा यांची लान्चिया ०३७ रस्ता सोडून झाडावर आदळली. बेत्तेगा जागीच ठार झाले. सहचालक मौरिझिओ पेरिसिनोत वाचले.

=== पोर्तुगाल, १९८६ ===

५ मार्च १९८६ रोजी सिंत्राजवळील लागोआ आझूल टप्प्यावर पोर्तुगालचे जोआकिम सांतोस यांचा फोर्ड आरएस२०० वरील ताबा सुटला आणि गाडी गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक मरण पावले व तीसहून अधिक जखमी झाले. रॅली सुरूच ठेवण्यात आली. परंतु कंपन्यांच्या संघांतील आघाडीच्या चालकांनी एकत्र बैठक घेऊन पुढे न धावण्याचा निर्णय केला. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही, हे त्यांनी लेखी निवेदनात स्पष्ट केले. उरलेल्या स्पर्धकांत रेनो ५ टर्बो चालवणारे जोआकिम मोतिन्यो विजयी झाले. चालकांनी उघडपणे माघार घेऊनही त्या हंगामाचे वेळापत्रक पुढे तसेच चालू राहिले.

=== कोर्सिका, १९८६ ===

बेत्तेगा यांच्या मृत्यूला एक वर्ष पूर्ण झाले, त्याच दिवशी, २ मे १९८६ रोजी, कोर्सिकातील कोर्ते–तावेर्ना टप्प्यावर तोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची डेल्टा एस४ कठडा नसलेल्या एका डाव्या वळणावर रस्त्याबाहेर जाऊन खाली कोसळली. इंधनाची टाकी फुटून गाडीने पेट घेतला. दोघांनाही बाहेर पडता आले नाही. आग विझली तेव्हा गाडीचा सांगाडा तेवढा शिल्लक होता. अपघात जवळून पाहणारे कोणी नव्हते आणि गाडीचे अवशेष तपासण्याजोगे उरले नव्हते. त्यामुळे अपघाताचे नेमके कारण निश्चित होऊ शकले नाही.

तोइवोनेन तेव्हा २९ वर्षांचे होते आणि रॅलीत आघाडीवर होते. १९८० मध्ये आरएसी रॅली जिंकून ते जागतिक फेरीचे सर्वांत तरुण विजेते ठरले होते. हा विक्रम २००८ पर्यंत अबाधित राहिला. १९८६ च्या हंगामाची पहिली फेरी, मोंते कार्लो रॅली, त्यांनीच जिंकली होती. वडील पाउली तोइवोनेन हेही १९६६ चे मोंते कार्लो विजेते होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीतील हेसेन रॅलीत फॉर्म्युला वनचे माजी चालक मार्क सूरर यांची फोर्ड आरएस२०० झाडावर आदळून पेटली. सहचालक मिशेल वायडर मरण पावले आणि सूरर गंभीर जखमी झाले.

== बंदी ==

तोइवोनेन व क्रेस्टो यांच्या मृत्यूनंतर काही तासांतच फिसाचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी १९८७ पासून ग्रुप बीच्या गाड्यांना जागतिक रॅली स्पर्धेत बंदी जाहीर केली. ग्रुप बीची जागा घेण्यासाठी आखलेला ग्रुप एस हा गटही त्याच वेळी रद्द झाला. त्यात मान्यतेसाठी केवळ १० गाड्या पुरणार होत्या आणि शक्ती सुमारे ३०० अश्वशक्तीपुरती मर्यादित राहणार होती. ऑडीने हंगाम अर्धवट सोडून माघार घेतली. नव्या गाडीवर मोठा खर्च केलेल्या प्यूजोने या निर्णयाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परंतु बंदी कायम राहिली.

शेवटचा हंगामही वादातच संपला. सान्रेमो रॅलीत प्यूजोच्या गाड्यांना त्यांच्या बाजूंना लावलेल्या जमिनीलगतच्या पट्ट्यांवरून बाद करण्यात आले आणि आलेन विजयी घोषित झाले. अमेरिकेतील अखेरची फेरीही जिंकून आलेन अजिंक्यवीर ठरले. त्यानंतर अकरा दिवसांनी फिसाने प्यूजोची तक्रार मान्य करून सान्रेमोचा संपूर्ण निकालच रद्द केला. त्यामुळे अजिंक्यपद प्यूजोच्या युहा कांकुनेन यांच्याकडे गेले. आलेन यांना पुढे ते कधीच मिळाले नाही.

== जागतिक अजिंक्यवीर (१९८२–८६) ==

* १९८२ : चालक – वाल्टर रोर्ल (ओपेल), उत्पादक – ऑडी
* १९८३ : चालक – हान्नू मिक्कोला (ऑडी), उत्पादक – लान्चिया
* १९८४ : चालक – स्टिग ब्लोमक्विस्ट (ऑडी), उत्पादक – ऑडी
* १९८५ : चालक – तिमो सालोनेन (प्यूजो), उत्पादक – प्यूजो
* १९८६ : चालक – युहा कांकुनेन (प्यूजो), उत्पादक – प्यूजो

== परिणाम आणि वारसा ==

१९८७ पासून ग्रुप ए हा जागतिक स्पर्धेचा मुख्य गट झाला. गाड्या पुन्हा बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या जवळ आल्या आणि त्यांची शक्ती ३०० अश्वशक्तीच्या आसपास ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. पुढे टर्बोचार्जरमध्ये जाणाऱ्या हवेचे प्रमाण रोधकाने मर्यादित करून ही मर्यादा अमलात आणली गेली. ग्रुप बीमध्ये सिद्ध झालेली फोर-व्हील ड्राइव्ह व टर्बोचार्जर यांची जोडी मात्र टिकून राहिली. लान्चियाने डेल्टाच्या नव्या आवृत्त्यांसह १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे अजिंक्यपद जिंकले.

बंदी घातलेल्या गाड्या इतर स्पर्धांत काही काळ धावत राहिल्या. युरोपीय रॅलीक्रॉसमध्ये त्या १९९२ पर्यंत दिसल्या. प्यूजोने २०५ टी१६ वर आधारित गाड्यांनी १९८७ व १९८८ ची पॅरिस–डाकार रॅली जिंकली. ग्रुप बीसाठी आखलेल्या पोर्श ९५९ ने १९८६ च्या डाकारमध्ये पहिले दोन क्रमांक मिळवले होते. फेरारी २८८ जीटीओ ही गाडीही याच नियमांसाठी बांधली गेली. परंतु तिला स्पर्धेची संधी मिळाली नाही आणि तिच्या २७२ प्रती रस्त्यावरील वापरासाठी विकल्या गेल्या.

सुरक्षेच्या बाबतीत या काळाचा परिणाम दीर्घकालीन ठरला. आजच्या रॅलींत प्रेक्षकांसाठी जागा आखून दिलेल्या असतात. टप्पा सुरू होण्यापूर्वी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या गाड्या मार्गाची पाहणी करतात आणि गर्दी धोकादायक जागी असल्यास टप्पा थांबवला किंवा रद्द केला जातो. न फुटणाऱ्या लवचीक इंधनटाक्या, बाजूने आदळल्यास आघात शोषणारी रचना आणि मान व डोके सावरणारे उपकरण यांमुळे चालकांचे संरक्षण वाढले. तरीही धोका पूर्णपणे टळलेला नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधील फेरीत मार्को मार्टिन यांचे सहचालक मायकल पार्क यांची गाडी झाडावर आदळून त्यांचा मृत्यू झाला. २०२२ पासूनच्या संकरित गाड्यांनी विद्युत मोटारीच्या साहाय्याने पुन्हा ५०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला. मात्र त्यांचा नळ्यांचा सांगाडा प्रामुख्याने चालक व सहचालकाच्या बचावासाठी रचलेला होता.

ग्रुप बीच्या काळातील काही व्यक्ती पुढे नियम घडवणाऱ्यांच्या बाजूस गेल्या. जाँ तोद २००९ ते २०२१ या काळात आंतरराष्ट्रीय वाहन महासंघाचे अध्यक्ष होते. मिशेल मूतों यांनी तोइवोनेन यांच्या स्मरणार्थ १९८८ मध्ये 'रेस ऑफ चॅम्पियन्स' ही स्पर्धा सुरू करण्यात पुढाकार घेतला. नंतर त्यांनी जागतिक रॅली स्पर्धेत महासंघाच्या सुरक्षा प्रतिनिधी म्हणून काम पाहिले. एकेकाळी गर्दीतून वाट काढत गाडी चालवणाऱ्या मूतों यांच्याकडेच आता गर्दी धोक्याच्या जागी उभी नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी होती.